नोकरी सांभाळून : मानधन की मोबदला?

मराठी लेखकांचे परिचय वाचताना 'नोकरी सांभाळून' हे दोन शब्द इतक्या वेळा भेटतात की त्यांच्याकडे आपले लक्ष जाईनासे झाले आहे. केशवसुत शाळामास्तर होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, नारायण सुर्वे मुंबईत आधी शाळेचे शिपाई आणि मग शिक्षक होते. 'नोकरी सांभाळून लेखन केले' असे कोणाविषयी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न होतो. आता या वाक्यातला 'लेखन' हा शब्द काढावा आणि त्या जागी 'संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय' असे घालून पाहावे. आदर ओसरतो आणि शंका डोकावते. याचे नोकरीत लक्ष नसेल, याला पैशाची हाव असेल, वरकमाईचा काही प्रकार असेल. जागरण तेच, रविवार तेच, घरच्यांची कुरकुरही तीच. तरी एकाच्या वाट्याला कौतुक येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय.

हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर साधे आहे. भाषा-साहित्याचे शिक्षण घेतलेले आणि शाळेत, बँकेत, प्रकाशनसंस्थेत किंवा अनुवादाच्या कचेरीत पूर्ण वेळ काम करणारे अनेक जण आज संध्याकाळनंतर हेच करतात. कोणी डॉक्टरांच्या दवाखान्याचे पान बनवते, कोणी गावातल्या ग्रंथालयाचे, कोणी छोट्या प्रकाशकाचे, कोणी दिवाळी अंकाचे. त्यातल्या काहींना पुढे हाच आपला मुख्य व्यवसाय व्हावा असे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की अशा माणसाला तंत्र शिकता येते आणि वेळही काढता येतो. त्याला आडव्या येतात त्या साहित्यव्यवहाराने लावलेल्या सवयी. किंमत सांगायची लाज, लेखी काही न करण्याची रीत आणि 'नाही' म्हणण्याचा संकोच या त्या तीन सवयी होत. लेखनात त्या कदाचित खपून जातात, व्यवसायात त्या माणसाला बुडवतात. आणि थोडा विचार केला तर लेखनातही त्या खपवून घ्याव्यात का, असा प्रश्न पडतो.

समाजाच्या मनातला हा भेद कायद्याच्या भाषेतही उमटलेला दिसतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यातला पंधरावा नियम पाहावा. सरकारी कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय कोणताही व्यापार-धंदा करू नये, असे तो सांगतो. आणि त्याच नियमात पुढे, अधूनमधून केलेल्या वाङ्मयीन, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या कामाला मात्र परवानगीची गरज नाही, फक्त त्यामुळे कर्तव्यात कसूर होता कामा नये, अशी सवलत देतो. कवीला मोकळीक आणि कारागिराला अर्ज, अशी ही वाटणी आहे. नियम करणाऱ्याची भीती समजण्यासारखी आहे, कारण व्यापारात हितसंबंध गुंततात. पण 'अधूनमधून' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. साहित्याला मिळालेली ही मोकळीक ते अधूनमधून करायचे काम आहे, या समजुतीवर उभी आहे. साहित्याचा तो गौरव आहे असे मला वाटत नाही.

खासगी क्षेत्रात हा वाद २०२२ साली उघडपणे झाला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये, नोकरीत असताना दुसरे काम करणे ही सरळसरळ फसवणूक आहे, असे जाहीरपणे म्हटले आणि सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या तीनशे कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले. त्याच ऑगस्टमध्ये स्विगीने मात्र कामाच्या वेळेबाहेर, हितसंबंधांना बाधा येणार नाही अशा जोडकामाला परवानगी देणारे धोरण जाहीर केले. इन्फोसिसने सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांना ताकीद दिली आणि ऑक्टोबरमध्ये, वरिष्ठांच्या संमतीने बाहेरची कामे घेता येतील, असे सांगितले. या गदारोळात एक फरक पुसला गेला. प्रतिस्पर्ध्याकडे चोरून दुसरी नोकरी करणे वेगळे आणि शाळेतल्या शिक्षिकेने रविवारी मिठाईच्या दुकानाचे संकेतस्थळ बनवणे वेगळे. पहिल्यात विश्वासाचा भंग आहे. दुसऱ्यात तो होतोच असे नाही. मात्र नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते वाचलेले असले पाहिजे. आपल्याकडे नेमणूकपत्र सहीपुरते वाचले जाते आणि निवृत्तीपर्यंत कपाटात राहते. दुसरे काम सुरू करणाऱ्याने ते आधी बाहेर काढावे, संमतीची अट असेल तर ती लेखी मिळवावी, कचेरीचा संगणक आणि कचेरीचा वेळ या दोहोंना हात लावू नये. ही नीती आहेच, शिवाय त्यात स्वतःची सोयही आहे. ती कशी, हे समजायला आणखी एका कायद्याकडे वळावे लागते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे दुसरे कलम साहित्याच्या प्रत्येक वर्गात एकदा तरी वाचले जावे असे मला वाटते. 'वाङ्मयीन कृती' या संज्ञेच्या व्याख्येत त्या कायद्याने संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश केला आहे. म्हणजे संकेतस्थळामागे जो प्रोग्रॅम असतो तो कायद्याच्या दृष्टीने कादंबरीचा सख्खा भाऊ आहे. आपण वाङ्मयाची व्याख्या करताना सौंदर्य, अनुभव, लय यांची चर्चा करतो. कायदा विचारतो की हे कोणी रचले आणि ते कोणाच्या मालकीचे आहे. हा प्रश्न रुक्ष असेल, पण लेखकाच्या पोटाशी तो अधिक जवळचा आहे.

या मालकीचे उत्तर सतराव्या कलमात आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेली कृती, वेगळा करार नसेल तर, मालकाची होते. वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात नोकरी करणाऱ्याच्या लेखनाला या नियमातून थोडी सूट आहे. तेथे मालकाचा पहिला हक्क नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता असतो, बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात. संपादकाची नोकरी करणाऱ्याच्या अग्रलेखांचे पुस्तक निघते तेव्हा ही सूट महत्त्वाची ठरते. स्वतंत्रपणे, नोकरीबाहेर केलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक मात्र तो लिहिणारा असतो. ग्राहकाने पैसे दिले म्हणून हक्क आपोआप त्याच्याकडे जात नाहीत, ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. आणि एकोणिसावे कलम असे सांगते की हस्तांतराच्या लेखात मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरावा. कचेरीच्या संगणकावर, कचेरीच्या वेळात काम केले तर ते 'नोकरीचा भाग' होते की नाही या वादाला आपण स्वतःच दार उघडून देतो. मघाशी सोय म्हटली ती ही.

मराठी साहित्यव्यवहार यातले बहुतेक काही लेखी करत नाही. शब्दावर चालण्याची आपली परंपरा आहे आणि तिचा आपल्याला अभिमानही असतो. परंतु शब्दावर चालणारा व्यवहार ज्याचे पारडे जड त्याच्या बाजूने झुकतो, हे विसरून चालणार नाही. पानभर करार पुरेसा असतो: काय बनवायचे, किती पाने, मजकूर कोण देणार, किती वेळा दुरुस्त्या, पैसे कधी, हक्क कोणाचे, आणि संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदवायचे. यातला शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अनेक छोट्या संस्थांची संस्थळे याच कारणाने नाहीशी होतात. नाव बनवणाऱ्याच्या खात्यावर असते, तो दुसऱ्या गावी जातो, वार्षिक शुल्क भरायचे राहते आणि दहा वर्षांचे अंक एका रात्रीत दिसेनासे होतात. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले तेव्हा जगभरातल्या हौशी माणसांनी बनवलेली असंख्य पाने अशीच गेली. नाव ग्राहकाच्या मालकीचे असावे आणि संपूर्ण मजकुराची एक प्रत त्याच्या हाती असावी, ही या व्यवसायातली प्राथमिक सचोटी आहे. ग्राहकाला अडकवून ठेवून मिळवलेले काम फार काळ टिकत नाही.

आता किमतीकडे वळू. साहित्यव्यवहाराचा लाडका शब्द 'मानधन' हा आहे. संस्कृतात हा बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचे धन आहे असा तो, म्हणजे स्वाभिमानी पुरुष. मराठीत त्याचा अर्थ मान म्हणून दिलेले धन असा झाला. प्रत्यक्षात आपल्या संस्था पुष्कळदा मूळ संस्कृत अर्थानेच व्यवहार करतात. मान देतात आणि तेच धन समजावे अशी अपेक्षा ठेवतात. 'मोबदला' हा अरबी-फारसीकडून आलेला शब्द अधिक प्रामाणिक आहे. त्यात बदल आहे, अदलाबदल आहे, दोन्ही बाजूंना हात आहेत. मानधन किती द्यायचे हे देणारा ठरवतो आणि घेणाऱ्याने त्याकडे पाहायचेही नसते. मोबदला दोघांनी मिळून ठरवायचा असतो.

गावगाड्यातल्या बलुत्यातही काम करणाऱ्याला आपला दर ठरवता येत नसे. ही तुलना ताणू नये. बलुत्यामागे जातीची सक्ती होती आणि तिची किंमत पिढ्यांनी मोजली. मानधनामागे फक्त पांढरपेशांचा संकोच आहे. पण हाताने काम करणाऱ्याने दर सांगणे म्हणजे पायरी सोडणे, ही भावना आपल्या मनात कोठून आली याचा शोध घेताना त्या जुन्या व्यवस्थेला वळसा घालता येत नाही. जोतीराव फुले यांनी कंत्राटदारीचा व्यवसाय केला आणि त्यातून मिळालेले स्वावलंबन सार्वजनिक कामाला लावले. त्यांच्या वारशाविषयी बोलताना आपण ग्रंथ, शाळा आणि सत्यशोधक समाज यांबद्दल बोलतो. हिशेबाच्या वह्यांबद्दल सहसा बोलत नाही.

किमतीचा हिशेब अवघड नाही. समजा एका शिक्षिकेचा पगार महिना चाळीस हजार रुपये आहे. पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे तास; तासाला दोनशे रुपये. तिला आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी सहा तास मिळतात असे धरू. आठवड्याचे चौदा तास झाले, महिन्याचे छप्पन्न. यातला निम्मा वेळ तरी ग्राहकाशी बोलण्यात, पत्रव्यवहारात, नवीन काही शिकण्यात आणि पैशांची आठवण करून देण्यात जातो, आणि त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. प्रत्यक्ष बिल करण्याजोगे तास उरतात अठ्ठावीस. म्हणजे नोकरीइतकाच दर पडावा असे वाटत असेल, तर तिने तासाला चारशे रुपये लावले पाहिजेत. दहा पानांच्या संस्थळाला चाळीस तास लागत असतील तर सोळा हजार रुपये आणि सुमारे सहा आठवडे, असा आकडा निघतो. वीज, संगणकाची झीज आणि आजारपण यात धरलेलेच नाही. आता एखादी संस्था म्हणते, 'पाच हजार मानधन देऊ, भाषेचे काम आहे.' ऐंशी तासांना पाच हजार म्हणजे तासाला साठ-बासष्ट रुपये. हा भागाकार एकदा मांडला की 'भाषेची सेवा' या शब्दांचा अर्थ बदलतो. सेवा करायला हरकत नाही. वर्षातून एक काम फुकट करावे आणि करारात तसे स्पष्ट लिहावे, मूळ किंमत सोळा हजार, सवलत सोळा हजार. म्हणजे आपण काय दिले ते देणाऱ्यालाही कळते आणि घेणाऱ्यालाही.

नोकरी असण्याचा खरा उपयोग येथे दिसतो. 'उपजीविका' या शब्दातल्या 'उप'मुळे तो दुय्यम जगण्याचा वाचक आहे असे आपल्याला वाटते, परंतु उपजीवणे म्हणजे एखाद्याच्या आधारावर जगणे. पगार हा आधार आहे, आणि त्या आधाराने मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नकार देण्याची ताकद. महिनाअखेरीचे भाडे ज्याला याच कामातून द्यायचे आहे तो वाईट ग्राहकाला नाही म्हणू शकत नाही. पगारदार म्हणू शकतो. असे असताना नोकरी सांभाळून काम करणारी माणसेच सर्वांत कमी दर लावतात, कारण 'आपले भागतेच आहे' असे त्यांना वाटते. याचा फटका आणखी एकाला बसतो. ज्याला दुसरी नोकरी नाही, जो तासिका तत्त्वावर शिकवतो किंवा केवळ याच कामावर घर चालवतो, त्याचा बाजारभाव हे हौशी दर खाली ओढतात. पगाराच्या जोरावर स्वस्तात काम करणे हे औदार्य दिसते. शेजाऱ्याच्या दृष्टीने ते औदार्य नसते.

मग साहित्याच्या माणसाने विकायचे काय? साचेबंद पाने आज कोणालाही मिनिटांत उभी करता येतात. यंत्राला चार वाक्ये सांगितली की पान तयार होते. जे तयार होत नाही ते मजकुराचे भान. मराठी पानाचे काही प्रश्न केवळ भाषेच्या माणसालाच दिसतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा निराळे आहेत, आणि दोन्ही वळणे सामावणारे फॉन्ट पानाची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये असेल तरच योग्य वळण दाखवू शकतात. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला रफार व अर्ध्या 'र'चा भेद सांभाळला नाही तर विद्यापीठाचे निमंत्रण स्वयंपाकघरात जाते. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात ओळींमधले अंतर कमी असते; तेथे आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांत शिरतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. मथळ्यासाठी मोठी लिपी आपल्याकडे नाही, तिरका ठसाही आपल्या लिपीच्या अंगचा नाही. तेव्हा भर द्यायचा तो वजनाने, आकाराने, मोकळ्या जागेने. हे ज्ञान मुद्रितशोधनाच्या आणि पाठचिकित्सेच्या शिक्षणाशेजारचे आहे.

या बाबतीत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. ते मराठी कवी होते, जाहिरातक्षेत्रात काम केलेले होते, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे अध्यापक होते, आणि वर्षानुवर्षे आपल्या संगणकांवर देवनागरी म्हटले की जो फॉन्ट दिसत असे तो 'मंगल' त्यांनी रेखाटला. अरुण कोलटकरही जाहिरातक्षेत्रात नामवंत कला-दिग्दर्शक होते. आपण त्यांच्या कवितेवर प्रबंध लिहितो आणि व्यवसायाचा उल्लेख चरित्रात्मक तळटीपेत करतो. रेखाटन, मांडणी आणि शब्द यांचे नाते ज्यांच्या हातात होते, त्यांच्या 'पोटापाण्याच्या' कामाचा त्यांच्या वाङ्मयाशी काय संबंध होता, हा प्रश्न अभ्यासाला अजून पुष्कळ वाव देणारा आहे.

'जोडधंदा' हा शब्द आपल्याला शेतीने दिला. दुभती जनावरे, कोंबड्या, शेळ्या. शेतीतला चांगला जोडधंदा ओळखण्याची एक खूण आहे: एकाचा टाकाऊ तो दुसऱ्याचा चारा. कडबा जनावराला, शेण शेताला. दोन्ही कामे एकमेकांना पोसतात. संध्याकाळच्या व्यवसायालाही हीच कसोटी लावावी. भाषाशिक्षिका ग्रंथालयाचे संस्थळ बनवताना वर्गीकरण शिकते आणि ते वर्गात उपयोगी पडते. वर्गात मजकूर सोपा करून सांगण्याची सवय तिला ग्राहकाचा विस्कळीत मजकूर लावताना उपयोगी पडते. असे देणेघेणे नसेल, दोन कामे केवळ एकमेकांचा वेळ खात असतील, तर त्याला जोडधंदा न म्हणता दोन नोकऱ्या म्हणावे आणि त्यातली एक सोडावी.

वेळेविषयी बोलताना एक गोष्ट सहसा झाकली जाते. 'रात्री दोन तास काढले की झाले' असे सांगणाऱ्या पुरुषाचे ते दोन तास बहुधा कोणी दुसऱ्याने काढून दिलेले असतात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे औषधपाणी हे कोणीतरी करत असते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात नोकरदार स्त्रीच्या घरकामाला दुसरी पाळी म्हटले होते. त्या हिशेबाने स्त्रीने सुरू केलेला व्यवसाय ही तिसरी पाळी ठरते. लेखकांच्या कृतज्ञतेच्या पानांवर पत्नीचे आभार असतात. व्यवसायाच्या हिशेबात ते तास खर्चाच्या बाजूला लिहिले गेले पाहिजेत. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याने हे निदान लिहून ठेवले. टपालखात्यातली नोकरी करत तो पहाटे साडेपाचला लिहायला बसे, आणि आपल्याला उठवून कॉफी देणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा देत असे. आपल्या यशात त्या नोकराचा वाटा मोठा आहे, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

ट्रोलपची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १८३४ साली टपालखात्यात लागलेल्या या माणसाने १८६७ मध्ये नोकरी सोडली ती निवृत्तिवेतनाचा हक्क गमावून; पण त्याआधी तेवढे उत्पन्न देईल इतकी शिल्लक त्याने लेखनातून बाजूला ठेवलेली होती. कधी सोडायचे, या प्रश्नाचे याहून समंजस उत्तर मला माहीत नाही. उत्साह किती आहे, मित्र काय म्हणतात, यावर ते ठरवू नये. गेल्या वर्षभरात हाती किती आले, त्यातले किती पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाचे होते आणि सहा महिने काहीच आले नाही तर काय, यावर ठरवावे. ट्रोलपने मृत्यूनंतर, १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात प्रत्येक पुस्तकाचे उत्पन्न लिहून त्याची बेरीज केली: ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. रसिकांना ते आवडले नाही आणि त्याच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेला त्याने धक्का बसला असे पुष्कळ समीक्षकांनी नोंदवले आहे. घड्याळ लावून लिहिणारा आणि पेन्सपर्यंत हिशेब देणारा कलावंत वाचकाला सहन होत नाही. तरी तो वाचला जातो.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. सगळ्याच गोष्टींची अशी किंमत मांडू लागलो तर जी लघुनियतकालिके पदरमोड करून चालली, जे अंक मित्रांच्या हातमदतीने निघाले, त्यांचे काय झाले असते? आक्षेप खरा आहे. त्या अंकांमागे मोबदला नव्हता. पण तेथे काम करणारा आणि काम करून घेणारा एकच होता. सगळे मिळून एका गोष्टीचे मालक होते. आपल्या अंकासाठी जागरण करणे आणि दुसऱ्याच्या संस्थेसाठी, तिच्या नावाने, तिच्या अटींवर जागरण करणे यांत अंतर आहे. पहिल्याला चळवळ म्हणता येईल. दुसऱ्याला बिल पाठवले पाहिजे.

म्हणून दोन साध्या सूचना करून थांबतो. साहित्यसंस्थांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि दिवाळी अंकांनी कोणतेही काम सांगताना पहिल्याच पत्रात रक्कम लिहावी. ती शून्य असेल तर शून्य लिहावी. आणि उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरातलेखन, मुद्रितशोधन, अनुवाद शिकवतो तेथेच विद्यार्थ्याकडून एका पानाचा करार आणि एक दरपत्रक शुद्ध मराठीत लिहून घ्यावे. पाच गुणांचा प्रश्न पुरेल.